परसातील कोंबड्यांची पहिली मोकळीक



हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे गाव रस्त्यांमुळे ओळखले जाते. नांदेडहून येणारी वाहतूक येथे दुभंगते. एक वाट कळमनुरी-हिंगोलीवरून वाशीम-अकोल्याकडे वळते, तर दुसरी उमरखेड-महागाववरून यवतमाळ-नागपूरची दिशा धरते. १६१ आणि ३६१ क्रमांकांचे राष्ट्रीय महामार्ग येथे एकत्र येतात. रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात आणि उपाहारगृहे जागी असतात. परंतु रस्त्याच्या पहिल्या रांगेमागे दृष्टी टाकली की हे चित्र पालटते. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ह्यांची शेते घरांच्या भिंतींना येऊन भिडलेली दिसतात; आणि रस्ता व शेत ह्यांच्या मधल्या परसांत, उकिरड्यांवर, कडब्याच्या गंजीखाली कोंबड्या चरत असतात. आजचे विवेचन ह्या कोंबड्यांच्या आयुष्यातील एका दिवसाविषयी आहे. खुराड्याचे दार पहिल्यांदा उघडते आणि पक्षी मोकळ्या परसात पाऊल टाकतो, तो हा दिवस होय.

विषय वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. कोंबडी सोडण्यात शिकण्यासारखे ते काय, असा प्रश्न अनुभवी श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खेड्यातील कोंबडी पिढ्यान् पिढ्या मोकळीच हिंडत आली आणि दिवस मावळताच डालग्याखाली झाकली गेली. ‘कोंबड्या डालल्या का?’ हा प्रश्न मराठवाड्यातील घराघरांत तिन्हीसांजेला विचारला जातो. मग पहिल्या मोकळिकीचे एवढे महत्त्व आजच का सांगावे? ह्याचे उत्तर कोंबडी बदलली ह्यात आहे, आणि ती ज्या वाटेने परसात येते ती वाट बदलली ह्यातही आहे.

योजना कोठे संपते?

राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ८ ते १० आठवडे वयाच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट निम्म्या अनुदानावर दिला जातो. उरलेली निम्मी रक्कम लाभार्थी कुटुंबाला स्वतः उभी करावी लागते. ती बहुधा गृहिणीच्या बचतीतून येते. कधी बचतगटाच्या कर्जातून, तर कधी डब्यात साठविलेल्या मजुरीच्या पैशांतून. गट घरी पोहोचला, पोचपावतीवर अंगठा किंवा सही झाली, की कागदावर योजना पूर्ण होते. गृहिणीच्या दृष्टीने मात्र ती त्या क्षणी सुरू होते.

पुढील पंधरवड्यात काय घडते, ह्यावर सारे अवलंबून असते. हौसेने दुसऱ्याच दिवशी सकाळी दार उघडले जाते. नव्या जागेत बावरलेले पक्षी चारी दिशांना फाकतात. काही रस्त्यावर जातात, काही कुत्र्याच्या तोंडी पडतात, काही शेजारच्या तुरीत शिरून संध्याकाळी परतत नाहीत. २५ तलंगांपैकी ८ अशा गेल्या, असे क्षणभर धरून चालावे. परसात वाढणाऱ्या सुधारित जातीच्या कोंबडीपासून वर्षाला १०० अंडी मिळतात असा साधा हिशेब केला, तरी ८०० अंड्यांचे उत्पन्न एका सकाळी नाहीसे झाले असा त्याचा अर्थ होतो. त्याहून मोठी हानी विश्वासाची असते. ‘सरकारी कोंबड्या टिकत नाहीत’ असे वाक्य एकदा आळीत पसरले, की पुढील वर्षी अर्ज करण्यास कोणी धजावत नाही. वस्तुतः दोष पक्ष्याचा नसतो आणि गृहिणीचाही नसतो. तो पहिल्या मोकळिकीच्या तयारीत राहिलेल्या उणिवेचा असतो.

आईविना वाढलेली पिढी

कोंबडीचे पिलू २१ दिवसांत अंड्याबाहेर येते. खुडूक बसलेल्या देशी कोंबडीखाली उबलेले पिलू दुसऱ्या दिवसापासून आईच्या शाळेत दाखल होते. आई माती उकरते आणि दाणा किंवा किडा चोचीने उचलून टाकत एका विशिष्ट आवाजात पिलांना बोलावते. काय खावे हे पिलू तेथे शिकते. आकाशात घारीची सावली फिरली की आई वेगळा आवाज काढते आणि पिले झुडपाखाली किंवा तिच्या पंखाखाली शिरतात. जमिनीवरून मांजर आले तर तिची हाक निराळी असते. उन्हात सावली कोठे, पावसात आडोसा कोठे, संध्याकाळी वळायचे कोणत्या दारी, हे सारे आईच्या मागोमाग फिरता फिरता पिलाच्या अंगवळणी पडते. त्यामुळे देशी पिलाच्या आयुष्यात ‘पहिली मोकळीक’ असा वेगळा दिवस उगवतच नाही.

उबवणी यंत्रातून आलेल्या पिलाची स्थिती अगदी निराळी असते. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर येथे राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. तेथून किंवा खाजगी केंद्रांतून निघालेले पिलू कृत्रिम ऊब घेत, भांड्यातले खाद्य खात, शेकडो सोबत्यांबरोबर आठ-दहा आठवडे वाढते. त्याने आकाश पाहिलेले नसते. कुत्रा, मुंगूस, पाऊस आणि चिखल ह्यांची त्याला ओळख नसते. भयाची उपजत प्रेरणा त्याच्यात असते, परंतु तिला वळण लावणारी आई नसते. ह्या पिढीला परसात सोडताना आईचे काम माणसाने करावयाचे आहे. आजच्या विवेचनातील मुख्य सूत्र हेच आहे.

सुधारित जातींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हैदराबाद येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी ‘वनराज’ व ‘ग्रामप्रिया’ ह्या जाती विकसित केल्या. बंगळुरूच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने ‘गिरिराज’ दिली. देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते, त्या तुलनेत ह्या जाती दुपटीच्या घरात किंवा त्याहून अधिक अंडी देतात. रंगीबेरंगी पिसाऱ्यामुळे त्या शिकारी पक्ष्याच्या नजरेत पांढऱ्या कोंबडीइतक्या चटकन भरत नाहीत. परंतु त्यांची खुडूक बसण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झालेली आहे, आणि वनराज, गिरिराज ह्यांसारख्या जड अंगाच्या पक्ष्यांना संकटकाळी उडी मारून छपरावर जाणेही देशी कोंबडीइतके साधत नाही. म्हणून अशा गटाबरोबर एक-दोन देशी कोंबड्या घरात असाव्यात. त्या अंडी उबवतात, पिले वाढवतात आणि नव्या पक्ष्यांना परसाची वाटही दाखवतात.

दार उघडण्यापूर्वी

पहिली मोकळीक देण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पहिली गोष्ट वयाची. अंगावर पूर्ण पिसे आलेली नसतील तर पक्ष्याला ऊन, वारा आणि पाऊस सोसत नाही. ८ आठवड्यांपूर्वी यंत्रावरील पिलांना परसात सोडू नये. अंग लहान असल्यास आणखी थांबावे.

दुसरी गोष्ट लसीकरणाची. मानमोडी हा कोंबड्यांचा सर्वांत घातक शत्रू होय. १९२६-२७ च्या सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल परिसरात ओळखला गेलेला आणि भारतात कुमाऊँमधील राणीखेतचे नाव लाभलेला हा विषाणुजन्य रोग एकदा गावात शिरला, की आळीच्या आळ्या ओस पाडतो. त्यावर औषध नाही. लस मात्र आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिची पुनर्मात्रा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीची सुई, असा क्रम सर्वसाधारणपणे पाळला जातो. देवीच्या रोगावरही लस द्यावी लागते. गट ताब्यात घेताना कोणत्या लसी कोणत्या दिवशी दिल्या ह्याची लेखी नोंद मागून घ्यावी. शेवटची लस टोचल्यानंतर अंगात प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेवढा काळ पक्षी बंदिस्त राहणे हिताचे असते.

तिसरी गोष्ट घराची. खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच असावे, म्हणजे तळाला ओल धरत नाही आणि मुंगसाला माती उकरून आत शिरता येत नाही. प्रत्येक मोठ्या पक्ष्याला रात्रीच्या निवाऱ्यात एक ते दीड चौरस फूट जागा मिळावी. जाळी एवढी बारीक असावी की मांजराचा पंजा आत जाऊ नये. आत बसण्यासाठी आडवी काठी असावी. कोंबडीचे पूर्वज, म्हणजे उत्तर व पूर्व भारताच्या अरण्यांतील तांबडे रानकोंबडे, रात्री झाडाच्या फांदीवर बसत. उंचावर बसून झोपण्याची ती ओढ घरच्या कोंबडीतही कायम आहे. काठी मिळाली की पक्षी निर्धास्त होतो, आणि जेथे निर्धास्त झोप मिळते तेथे तो परत येतो.

बंदिस्तीचे दिवस

नवा गट घरी आणल्यावर किमान आठ-दहा दिवस, शक्य तर पूर्ण दोन आठवडे, त्याला खुराड्यात व त्यास जोडलेल्या जाळीच्या छोट्या आवारात ठेवावे. ह्या दिवसांत पक्षी दोन गोष्टी शिकतो. हे खुराडे आपले घर आहे, ही त्यांतील पहिली. दुसरी म्हणजे दाणा देणाऱ्याची हाक. घरातील एकाच व्यक्तीने, ठरावीक वेळी, ठरावीक हाक मारून किंवा ताटली वाजवून दाणा टाकावा. आठवडा-दहा दिवसांत हाक आणि दाणा ह्यांची सांगड पक्ष्याच्या मेंदूत पक्की बसते. पुढे पक्षी परसाच्या टोकाला गेला, तरी ही हाक त्याला दोरीसारखी ओढून आणते. आईच्या हाकेची जागा घेणारी ही हाक असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

घरात आधीच कोंबड्या असतील, तर नव्या पक्ष्यांना त्यांच्यापासून दोन-तीन आठवडे अलग ठेवणे आवश्यक आहे. त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्यास लागत नाही. त्यानंतरही एकदम मिसळण्यापेक्षा मधे जाळी ठेवून आठवडाभर दोन्ही गटांना एकमेकांना पाहू द्यावे. थोरलेफ शेल्डरुप-एब्बे ह्या नॉर्वेजियन अभ्यासकाने कोंबड्यांच्या कळपाचे निरीक्षण करून १९२१ मध्ये असे दाखवून दिले, की त्यांच्यात चोच मारण्याची निश्चित उतरंड असते. कोणी कोणास टोचावे आणि कोणी निमूट बाजूस व्हावे हे ठरलेले असते. शासकीय कार्यालयांत वावरणाऱ्या श्रोत्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. नवागताला ह्या उतरंडीत जागा मिळेपर्यंत मारामाऱ्या होतातच. त्या वेळी खाद्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी तीन-चार ठिकाणी ठेवावीत, म्हणजे दुर्बल पक्षी उपाशी राहत नाही.

पहिली संध्याकाळ

पहिली मोकळीक सकाळी देऊ नये. ती संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी सुमारे एक तास अगोदर द्यावी. ह्यामागील कारण सोपे आहे. कोंबडीला अंधूक प्रकाशात नीट दिसत नाही. उजेड मंदावू लागला की ती आपणहून निवाऱ्याकडे वळते. तासाभराच्या अवधीत ती फार दूर जाऊ शकत नाही. त्या दिवशी दुपारचा दाणा देऊ नये, म्हणजे पक्षी किंचित भुकेला राहतो आणि हाकेला चटकन प्रतिसाद देतो. पाणी मात्र कधीही तोडू नये.

दार उघडून बाजूला उभे राहावे. पक्ष्यांना हुसकून बाहेर काढू नये, तसेच हातात धरून परसात नेऊनही सोडू नये. त्यांनी स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडला, तरच परतीचा रस्ता त्यांच्या ध्यानात राहतो. काही पक्षी दारातच घुटमळतील. त्यांना तसे घुटमळू द्यावे. त्या तासात घरातील एक जाणते माणूस परसात थांबलेले असावे, कुत्रे बांधलेले असावे आणि लहान मुलांना पक्ष्यांमागे धावू देऊ नये. सूर्य मावळण्याच्या बेतात असताना नेहमीची हाक मारावी, दाणा खुराड्याच्या आत टाकावा, सारे आत आले की मोजणी करावी आणि दार लावावे. मोजल्याशिवाय दार लावू नये, हा नियम कायमचा पाळावा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाच क्रम ठेवावा. चौथ्या दिवसापासून वेळ दोन तासांवर न्यावी आणि पुढे अर्ध्या दिवसावर. साधारण दोन आठवड्यांत पक्षी दिवसभर मोकळे राहण्यास योग्य होतात. वादळवाऱ्याच्या किंवा पावसाच्या दिवशी पहिली मोकळीक टाळावी. शक्य असेल तेथे हा काळ पावसाळा सरल्यानंतरचा निवडावा. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखाचे ऊन नवख्या पक्ष्याला झेपत नाही. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत ती अंगातील उष्णता बाहेर टाकते. उन्हाळ्यात सावलीत पाण्याची दोन-तीन भांडी ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

परसात झाडझुडूप असावे. युरोपीय संघातील देशांनी जुन्या पद्धतीचे अरुंद पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. मुक्त संचाराच्या पद्धतीत तेथील शेतकऱ्यांना असा अनुभव येतो, की दारे उघडी असूनही पुष्कळशा कोंबड्या उघड्या कुरणावर दूर जात नाहीत; झाडे लावली की त्या निःशंकपणे हिंडू लागतात. वेळूच्या बेटांत आणि झुडपांत राहणाऱ्या पूर्वजांची ती वंशज असल्यामुळे उघड्या आकाशाचे भय तिला वाटणारच. परसात शेवगा, एरंड, तूर किंवा वेलाचा मांडव असला, तर सावली मिळते आणि घार, शिक्रा ह्यांच्यापासून लपण्यास आडोसाही मिळतो.

रस्ता आणि शेत

वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी परसाच्या दोन्ही बाजूंना धोका असतो. पुढच्या बाजूस महामार्ग आहे. मालमोटारीतून सांडलेला दाणा आणि उपाहारगृहांचे उष्टे ह्यांच्या लोभाने कोंबडी रस्त्याकडे जाते, आणि त्याच उष्ट्यावर पोसलेली भटकी कुत्री तिच्या वाटेवर टपून असतात. म्हणून रस्त्याकडील बाजू तुऱ्हाट्यांच्या किंवा बोरी-बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाने बंद करावी आणि खुराड्याचे दार मागील अंगणाकडे ठेवावे. पहिल्या काही दिवसांत पक्षी ज्या बाजूला वळतो, तीच बाजू तो पुढे आपली मानतो.

मागच्या बाजूस शेत आहे, आणि तेथील धोका डोळ्यांना दिसत नाही. मृगाच्या पेरणीच्या वेळी सोयाबीन व कपाशीच्या बियाण्याला कीटकनाशक आणि बुरशीनाशक चोळलेले असते. ते उकरून खाल्लेल्या कोंबडीला विषबाधा होऊ शकते. शिवाय पेरणी विस्कटल्यामुळे शेजाऱ्यांत भांडण उभे राहते ते वेगळेच. पेरणीनंतर कोंब वर येईपर्यंत आणि फवारणीनंतर काही दिवस पक्षी आवारातच ठेवावेत. फवारणीच्या विषाची तीव्रता किती असते हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने तेथे शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे प्राण गेले. जे विष माणसाला सोसत नाही, ते कोंबडीला कसे सोसावे? उंदरांसाठी ठेवलेल्या विषारी आमिषाबाबतही हीच दक्षता घ्यावी.

सोयाबीनच्या ह्या प्रदेशात एक चूक सहज घडते. घरचेच आहे म्हणून कच्चे सोयाबीन कोंबड्यांपुढे टाकले जाते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारा घटक असतो. ते भाजूनच द्यावे. मोकळ्या कोंबडीला किडे, गवताचे कोंब, सांडलेले धान्य परसातून मिळते. त्याला जोड म्हणून ज्वारीची कणी, तांदळाची चुरी असा ३० ते ५० ग्रॅम दाणा रोज पुरतो. संध्याकाळी पक्ष्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी हलकेच चाचपावी. ती रिकामी लागली तर परस अपुरा पडत आहे असे समजून दाणा वाढवावा. अंड्यांवर आलेल्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्यावा, म्हणजे कवच मजबूत होते.

तलंगा अंड्यांवर येऊ लागल्या की मोकळिकीचा क्रम पुन्हा थोडा बदलावा लागतो. बहुतेक कोंबड्या सकाळच्या प्रहरी अंडी घालतात. त्यांना सकाळी नऊ-दहापर्यंत आवारात ठेवून, गवत घातलेल्या टोपलीत पांढरा गुळगुळीत गोटा ठेवावा. त्या खुणेने कोंबडी तेथेच बसते. हे न केल्यास अंडी तुरीच्या ओळींत आणि कडब्याच्या गंजीत जातात, आणि ती माणसाऐवजी मुंगसाच्या व सापाच्या पदरात पडतात.

गावाने करावयाचे काम

मोकळी कोंबडी एका घरची असली तरी ती साऱ्या गावात चरते. त्यामुळे तिच्या रक्षणाचे काही काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते.

लसीकरणाचेच उदाहरण घ्यावे. पुण्यात औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होणारी मानमोडीची लस कुपीत येते, आणि एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल एवढ्या मात्रा असतात. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा द्रावण केले की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीसाठी कुपी फोडणे परवडत नाही. साऱ्या आळीच्या कोंबड्या एकत्र आल्या, तर तीच कुपी पुरेपूर कामी येते. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून वर्षातून ठरावीक दिवस जाहीर करावेत. लसीकरण सकाळी लवकर, खुराड्यांची दारे उघडण्यापूर्वी व्हावे. कोंबड्या एकदा हिंडू लागल्या की त्यांना धरता धरता दिवस जातो.

उपाहारगृहांचे आणि मटणाच्या दुकानांचे उष्टे-खरकटे खड्ड्यात पुरण्याची व्यवस्था झाली, तर कुत्र्यांचा उपद्रव निम्म्याने आपोआप ओसरेल. पेरणीच्या पंधरवड्यात कोंबड्या बांधून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेने केला, तर शेजाऱ्यांच्या तक्रारी पोलीस चौकीपर्यंत जाणार नाहीत.

मोकळ्या पक्ष्यांचा रानपक्ष्यांशी संबंध येतो, ह्या गोष्टीचीही जाणीव ठेवावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिल्या बर्ड फ्लूची नोंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये हा रोग हिंगोलीच्या शेजारी, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आढळला आणि तेथील पक्षी नष्ट करावे लागले. एकाएकी अनेक पक्षी मरू लागल्यास ते विकू नयेत, खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. दवाखान्यास तत्काळ कळवावे, आणि सूचना मिळाल्यास मोकळीक थांबवून पक्षी आत ठेवावेत. लपवाछपवी केल्याने नुकसान टळत नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे थांबत नाही, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. घरातील कोंबड्यांची संध्याकाळची मोजणी पुष्कळदा मुलेच करतात. किती सोडल्या, किती परतल्या, किती अंडी मिळाली, ह्याची वही मुलांनी ठेवली तर गणिताचा सराव होतो आणि आईच्या हाती खरा हिशेबही येतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, हे मुलांना सांगताना घरची सारीच अंडी बाजारात जाऊ नयेत, काही आपल्या ताटातही यावीत, हेही सांगता येईल.

मार्गदर्शनाची उणीव ह्या भागाला नाही. कळमनुरी तालुक्यातच तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालय आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. उणीव आहे ती गट वाटपाचा दिवस आणि मोकळिकीचा दिवस ह्यांच्या मधल्या पंधरवड्यात कोणीतरी घरी जाऊन पाहण्याची. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील परसातील कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर पोहोचली असून, २०१२ च्या तुलनेत ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली आहे. परसाकडे लोकांचा ओढा आहे, हे ह्यावरून स्पष्ट होते. त्या ओढ्याला टिकाऊ फळ यावे, ही जबाबदारी यंत्रणेची आहे.

त्यासाठी एक साधी सूचना विचारार्थ मांडावीशी वाटते. गट वाटपाच्या नोंदवहीत लाभार्थ्याचे नाव, पक्ष्यांची संख्या, दिनांक व सही असे रकाने असतात. त्यांत आणखी दोन रकाने आखावेत. पहिल्यात पक्षी प्रथम मोकळे सोडल्याचा दिनांक यावा, आणि दुसऱ्यात त्यानंतरच्या तिसाव्या दिवशी जिवंत असलेल्या पक्ष्यांची संख्या. हे दोन रकाने भरण्यासाठी कर्मचाऱ्यास त्या घरी जावे लागेल, खुराड्यासमोर उभे राहावे लागेल आणि गृहिणीशी दोन शब्द बोलावे लागतील. त्या भेटीत जे कळेल ते कोणत्याही अहवालातून कळणार नाही. ज्या गावात दुसऱ्या रकान्यातील आकडा २८ च्या जवळ राहील, त्या गावी योजना पोहोचली असे खुशाल म्हणावे. जेथे तो निम्म्यावर येईल, तेथे नवे गट देण्यापूर्वी पहिल्या संध्याकाळचा धडा घरोघरी पुन्हा शिकवावा.